गुहेत निघालेलं माहेर

परवा आंध्रातल्या बोरा गुहा बघून आलो. मी, सूनबाई शीतल आणि नात तन्वी... मुलाला सुट्टी मिळाली नाही, तो भाईंदरलाच राहिला.

शीतल म्हणाली होती, "आई, पायऱ्या खूप आहेत, तुम्ही बाहेर बसा." बाहेर माकडं होती. एकाने माझ्या हातातलं खाकऱ्याचं पाकीट ओढून नेलं, तेव्हा मीच म्हटलं, त्यापेक्षा गुडघे दुखलेले बरे.

आत काय सांगू... एवढा मोठा डोंगर आतून पोकळ. वरून दगड लोंबतायत, खालून उगवतायत, आणि काही ठिकाणी दोघं एकमेकांना भेटून खांब झालेत. गाईड बॅटरी मारून दाखवत होता, हे शिव-पार्वती, ही मगर. मला मात्र ते लोंबते दगड काठीवर वाळत घातलेल्या बोंबलांसारखे दिसत होते. तन्वीला सांगितलं तर ती हसतच सुटली.

गाईड म्हणाला, फार पूर्वी वरच्या भोकातून एक गाय आत पडली. तिला शोधत गुराखी उतरला, तर गाय जिवंत आणि समोर दगडाची पिंड. म्हणून तिथे देऊळ आहे, आणि खालच्या नदीचं नाव गोस्थनी... गाईच्या सडातून आलेली म्हणे. मी हात जोडले.

आणि मग माझ्याकडून चूक झाली. एक ओला पांढरा दगड अगदी हाताशी होता... मी अंगठ्याने घासून बघितला, मऊ आहे की कणीदार. गाईड ओरडला, "अम्मा, हाथ मत लगाओ." हाताचं तेल लागलं की तिथे दगड वाढायचा थांबतो, असं त्याने सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तन्वीने त्याला विचारलं की दगड वाढतो कसा. तो म्हणाला, पाणी डोंगरातून झिरपताना चुना विरघळवून आणतं, थेंब वर लटकतो आणि चुना मागे ठेवून खाली पडतो. वर्षाला केसाएवढा थर. माझ्या तोंडून निघून गेलं, "हां, आमच्या भट्टीवर पण हौदातल्या पाण्यावर रात्रीत अशीच पांढरी साय धरायची."

"कुठली भट्टी, आजी?"

शीतल पण माझ्याकडे बघायला लागली... हिचे आईवडील दोघं शिक्षक. लग्नाच्या बोलणीत आम्ही सांगितलं होतं, माझ्या वडिलांचा बांधकामाचा धंदा होता. खरं म्हणजे माहेरी, गोडदेवला, खाडीकाठी आमची चुन्याची भट्टी होती.

आई आणि मी ओहोटीला कालवांची शिंपं गोळा करायचो. ती भाजायची, मग पाणी शिंपडलं की तडतड फुटून पांढरी भुकटी व्हायची. आई चिमूट घेऊन अंगठ्याने घासायची, कण लागला तर चुना कच्चा. शाळेत पोरी माझे भाजलेले हात बघून शेजारी बसायच्या नाहीत... तिसरीनंतर मी गेलेच नाही. आणि पुढे भट्टीचं नावच काढलं नाही कुणासमोर.

हे सगळं मी तिथे, त्या अंधारात, सांगून टाकलं. गाईड पण थांबला होता. तन्वीने त्याला साईचं हिंदीत सांगितलं, तर म्हणाला, "सही बोला अम्मा, वैसा ही है. बस यहाँ बहुत धीरे होता है."

शीतल पायऱ्यांकडे वळली. मला वाटलं, झालं, आता ही मनात धरणार. पायऱ्या चढताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "चहात साखर जास्त पडली तरी लगेच बोलता, आणि ही गोष्ट बारा वर्षं पोटात ठेवलीत? कमाल आहे तुमची, आई."

घरी आल्यावर काल ती तिच्या आईशी फोनवर बोलत होती. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. ती अगदी सहज, जरा ऐटीतच म्हणाली, "अगं, आमच्या आईंच्या माहेरी चुन्याची भट्टी होती. त्यांना सगळं येतं त्यातलं." पलीकडून बहुतेक विचारलं काहीतरी, कारण तिने लगेच मला हाक मारली, "आई, इकडे या, तुम्हीच सांगा हिला."

अर्धा तास बोलले मी विहिणीशी... आमच्या आईने भाजलेल्या चुन्याची एकही भिंत आता गोडदेवात उरली नसेल. पण तिच्या भट्टीचं नाव काल आमच्या घरात मोठ्याने घेतलं गेलं, आणि ते पहिल्यांदा माझ्या सुनेने घेतलं.