तळ्यावरचा गुलाबी तांदूळ

अलिबागजवळच्या थळ गावामागे डोंगराच्या पायथ्याला किशोरीचं घर. ती गावातली अंगणवाडी सेविका. अंगणातल्या आंब्याला नारळाच्या करवंट्या टांगून ती पाखरांना रोज दाणापाणी ठेवायची. हिवाळा सरत आला की दर रविवारी वरच्या तळ्यावर जाऊन बदकं मोजायची आणि वहीत लिहायची. लोक हसायचे, पण बारा वर्षांत तिने एक रविवार चुकवला नव्हता.

फाल्गुनातल्या त्या रविवारी पहाटे करवंटीखाली दोन होले, म्हणजे रानकबुतरं, मरून पडलेले दिसले. किशोरीला वाटलं, आपल्याच दाण्याने मेले की काय? तिने एकाची फुगलेली गळ्याची पिशवी ब्लेडने चिरली. आत गुलाबी तांदूळ निघाला. ती तर फक्त बाजरी घालायची.

ती तडक तळ्यावर गेली. काठाच्या चिखलात तोच तांदूळ विखुरलेला होता. अडई बदकं माना टाकून पाण्यावर तरंगत होती आणि शेजारचा सदा ती गोणीत भरत होता. तिला पाहून तो ओशाळला. दरसाल जाळं लावायचा, औंदा कुणीतरी सोपा उपाय सांगितला म्हणाला. शेतावर फवारायचं किडीचं गुलाबी औषध तांदळाला चोळलं होतं. आतडी काढून टाकली की मांसाला काही होत नाही, असंही त्याला कुणी सांगितलं होतं.

किशोरीने एवढंच विचारलं, "सदा, घरी किती दिलीस?"

"दोन, ताय. कल्पिताला. काल सांजचीच."

तळ्यावर रेंज नव्हती. सदाने गोणी तिथेच टाकली. दोघं मोटरसायकलवर उताराला लागली. खालच्या वळणावर कल्पिताला, सदाच्या बायकोला, फोन लागला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

कल्पिता चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती. अंगाला घाम सुटलेला, तोंडातून लाळ गळत होती. बदकांचं कालवण शिजलंय का बघायला तिने काळजाचे दोन तुकडे खाल्ले होते. सदा तिला हलवत नुसता नाव घेत राहिला. किशोरीने त्याचा दंड धरला.

"औषधाची बाटली कुठं हाय? ती घे आधी."

शेजाऱ्यांच्या रिक्षातून अलिबागला पोचेपर्यंत कल्पिताची शुद्ध हरपत चालली होती. वाटेत ती दोनदा ओकली. डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि लगेच इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत काहीच सांगता येत नव्हतं. सदा दाराबाहेर उकिडवा बसला होता. किशोरीला त्याचा राग येत होता, तरी ती त्याच्याजवळून उठली नाही.

चौथ्या दिवशी कल्पिता घरी आली.

मेलेल्या एकेचाळीस बदकांसाठी सदाने एकट्याने खड्डा खणला. काठावरचा तांदूळ मातीसकट खरवडून त्यातच पुरला. वनखात्याला किशोरीने कळवलं होतं, आणि ते तिने त्याला तोंडावर सांगितलं.  साहेब आले तेव्हा सदा स्वतःहून पुढे झाला आणि औषधाचा उपाय आणखी कुणाकुणाला सांगितला गेलाय, त्यांची नावंही त्याने दिली.