बोट थांबवा, दर्शन करून आलोच!

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधे कुणी हसलं की मी पुढचं विसरते.

माझ्या हातून घरात बरीच पातेली करपली, शेजारणीची म्हैस चुकून आमच्या गोठ्यात बांधली गेली, असले प्रकार काही कमी झाले नाहीत. पण समुद्रात जाऊन फजिती करून घेणारी आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावातली पहिली बाई मीच! आणि तीही कुणाच्या हनिमूनला? माझ्या नव्हे. दिराच्या!

आता तुम्ही म्हणाल, दिराच्या हनिमूनला तुम्ही कशाला गेलात? तेच तर सांगते ना.

मोठा दुष्काळ मागे पडून घरात पुन्हा दाणे दिसायला लागले होते. धाकटे दीर प्रभाकर हिंगोलीला बँकेत लागलेले. त्यांचं लग्न झालं. मुलगी परभणीची, शैला. गोरी, हसरी, कॉलेजात गेलेली. आमच्याकडे लग्न झालं की जोडी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाते, घरी सत्यनारायण होतो, की संपलं. पण प्रभाकरभाऊजींनी जेवताना एकदम बॉम्बच टाकला.

“आमी हनिमूनला जाऊन राहिलो. मुंबईहून बोटीनं गोव्याला.”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. “कोन्या देवाचं ठिकान हाय ते?”

“देवाचं न्हाई, आई. फिरायला.”

“सिद्धेश्वरच्या धरणात पाय घालायला भेतोस तू, अन् समिंदरात चाललास? नवी पोरगी घेऊन? एकटा?”

“एकटा कसा? ती हाय की संग.”

“तेच तर म्हनते मी!”

भाऊजी जेवण तसंच टाकून स्वयंपाकघरात माझ्यामागे आले. “वैनी, तुमी समजवा आईला. तुमचं ऐकते ती.”

तसं माझं वजन होतं घरात. मॅट्रिकपर्यंत शिकलेली एकटी सून होते ना मी! गेले आणि समजावलं. इतकं छान समजावलं, की थोरल्यांनी सोबत जावं आणि लेकरांना सांभाळून आणावं असं ठरलं. थोरले म्हणजे आमचे हे आणि मी!

मी आनंदानं येऊन सांगितलं, “भाऊजी, काम झालं! आपण चौघं जायचं.”

भाऊजींचा चेहरा मला वाटलं आनंदानंच तसा झाला असेल.

आमच्या ह्यांचं सांगते. गोरेगावात किराणा दुकान. सकाळी कुलूप काढायचं, रात्री लावायचं, मधल्या वेळात बोलायचं ते गिऱ्हाइकाशी. घरात माणसं एवढी, की दिवसा नवराबायकोनं बोलायचं कशाला? मीठ संपलं, तेल आणा, एवढ्यावर आमचा संसार चालला होता. बोटीचं ऐकून हे म्हणाले, “दुकान कोण पाहील?” मी म्हटलं, “मामंजी पाहतील.” विषय संपला.

मग मी आखणीला बसले. लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा समोर घेतला. मुंबईपासून गोव्यापर्यंत बंदरंच बंदरं, कुठे समुद्रात किल्ला, कुठे देऊळ! नुसतं बोटीत बसून राहायचं म्हणजे पाप की हो. ठरवून टाकलं. रत्नागिरीला उतरायचं, हापूस मिळतो का बघायचं. विजयदुर्गला उतरायचं, किल्ला बघायचा. मालवणला उतरायचं, समोरच्या बेटावरच्या सिंधुदुर्गात महाराजांचं देऊळ आहे, तिथे नव्या जोडीच्या नावानं नारळ फोडायचा. प्रत्येक बंदरासाठी धपाट्यांची वेगळी पुरचुंडी!

भाऊजी म्हणाले, “वैनी, बोटीत नुसतं बसायचं असते. गार वाऱ्यात.”

“नुसतं? दिवसभर? कंटाळाल की!”

“न्हाई येणार कंटाळा, ताई,” शैला म्हणाली आणि पदर तोंडाला लावून पळाली. लाजाळू पोर, मी म्हटलं.

“पण वैनी, बोट इतका वेळ थांबत नसते.”

“वाहन थांबत नाही म्हणजे काय? सांगून ठेवलं की थांबतं.”

माझं काय चुकलं, सांगा! आमच्या गोरेगावहून सेनगावला, हिंगोलीला जीप जाते. जीपवाला पहिला भोंगा वाजवतो तो लोकांनी चहा सांगावा म्हणून. दुसरा वाजवतो तो चहा प्यावा म्हणून. तिसरा वाजला की मग माणसं उठतात, पान लावतात, आणि तरीही कुणी राहिलं तर जीपवाला स्वतः घरी येऊन विचारतो, “काहून उशीर वैनी? तब्येत तर बराबर हाय ना?” एकदा मधे सेनगावात सासूबाई कुणाच्या तरी बारशाला जेवून आल्या, तोवर अख्खी जीप उभी होती. आमच्या लेखी वाहन म्हणजे असं.

असो. रेल्वेनं मुंबई गाठली आणि बोटीत चढलो.

अगं बाई, केवढी ती बोट! आमचा आठवडी बाजार वर भरेल. डेकवर माणसं चटया, चादरी टाकून जागा धरत होती. मीही धरली. एका टोकाला हे, मग भाऊजी, मग ट्रंक, मग मी आणि माझ्या पलीकडे शैला. चांगली घरंदाज मांडणी!

जरा वेळानं बघते तर दोघं नाहीत. शोधलं, तर लांब कठड्याशी उभी. दोघांची डोकी जवळ, काहीतरी कुजबुज चाललेली. मी धावले.

“अहो भाऊजी, मागे सरका! आत पडाल! आणि हे घ्या, रत्नागिरीची पुरचुंडी.”

“भूक न्हाई, वैनी.”

“वाऱ्यानं लागते. खा.”

पुन्हा जरा वेळानं दोघं शिडीमागे सापडली. मी ह्यांना शाल घेऊन पाठवलं. तिसऱ्यांदा दोरांच्या ढिगाऱ्यामागे. तिथे मी स्वतः जाऊन मधे बसले आणि त्यांना करमावं म्हणून आमच्या सगळ्या भावकीची नाती समजावून सांगितली. शैला समुद्राकडे बघत होती. भाऊजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खारा वारा फार वाईट!

पण माझी आखणी मात्र बिघडत चालली. रत्नागिरीला बोट धक्क्याला लागलीच नाही! लांब पाण्यातच उभी राहिली. खालून होड्या आल्या, माणसं भराभर उतरली, भराभर चढली. मी पुरचुंडी शोधून वर बघते तर भोंगा देऊन बोट चालू! विजयदुर्ग तर झोपेतच गेलं. सकाळी उठून मी पदर खोचला. मालवण सोडायचं नाही म्हणजे नाही!

समोरून पांढऱ्या शुभ्र कपड्यांतला, डोक्याला टोपी घातलेला एक रुबाबदार माणूस येत होता. कप्तान! मी नमस्कार केला.

“भाऊ, मालवणला आम्ही उतरून दर्शन करून येतो. चौघं आहोत. आम्ही आल्याशिवाय हलायचं नाही बरं.”

“चार?” त्यानं विचारलं.

“चार.”

“ठीक है बाई. चिंता मत करो.”

बघा! सांगून ठेवलं की थांबतात माणसं.

मालवण आलं. होड्या आल्या. मी नारळ, हळदकुंकू, धपाटी अशी पिशवी घेऊन तयार झाले, तर शैलानं कपाळ धरलं.

“ताई, डोकं लई दुखून राहिलं.”

“मी थांबतो हिच्यापाशी,” भाऊजी लगेच म्हणाले.

“मग मी पण थांबते. सुंठ उगाळून लावते.”

“न्हाई, न्हाई वैनी!” भाऊजी एवढ्यानं ओरडले की शेजारचं लेकरू रडायला लागलं. “तुमी जा. नारळ तर फोडायलाच पायजे. दादा, वैनीला घेऊन जा न!”

किती ती देवावर श्रद्धा! माझा ऊर भरून आला.

आम्ही दोघं होडीत उतरलो. म्हणजे मी उतरले. ह्यांना दोन खलाशांनी धोतरासकट उतरवलं. होडीवाल्याला म्हटलं, “किल्ल्यावर चला, आणि मग परत बोटीवर.”

तो हसला. “बोट थांबाची नाय हां, बाय.”

“कप्तानाला सांगून ठेवलंय.”

“मगे काय प्रश्नच नाय,” असं म्हणून त्यानं वल्ही मारायला सुरुवात केली.

बेट काय सुंदर! चहूकडे निळं पाणी, मधे काळा कोट. देवळात गेलो. मी नारळ काढला आणि पहिला भोंगा वाजला. भों!

“अवं, बोट बोलावून राहिली,” हे म्हणाले.

“पहिलाच आहे. चहाचा.”

नारळ फोडला. जोडीला सुख लाभू दे, त्यांना कुणाची नजर न लागो, त्यांच्या मधे कुणी न येवो, असं सगळं नीट मागितलं. दुसरा भोंगा वाजला. मी प्रदक्षिणा घातली. तिसरा वाजला तेव्हा खोबरं वाटून, पदर सावरून, आम्ही तटावर चढलो, कप्तानाला हात करावा म्हणून.

तर बोट निघालेली! पाठ फिरवून, धूर सोडत, सरळ गोव्याकडे!

“थांबा! अहो थांबा! आम्ही आलोच!” मी पदर हलवून ओरडले. डेकवर कठड्याशी दोन माणसं उभी होती. त्यांनीही हात हलवले. दोन्ही हातांनी! अहो, इतक्या आनंदानं हात हलवताना त्या लेकरांना मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मटकन तटावर बसले. सासूबाईंना काय सांगू? लेकरं सांभाळायला पाठवलं आणि लेकरंच हरवून बसले! मला रडू फुटलं. आता हे काय बोलतील म्हणून मान वर केली, तर ह्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, हेही रडतायत. नाही हो. हे हसत होते! आधी मिशीत, मग पोटात, मग असे खदाखदा, की टोपी निसटून तटाखाली गेली.

“पहिला चहाचा व्हय?” ते म्हणाले. “अन् तिसरा पानाचा!”

इतक्या वर्षांच्या संसारात हे असं हसताना मी पहिल्यांदा बघत होते. मग मलाही हसू आलं.

होडीवाल्यानं आम्हाला परत मालवणात आणून सोडलं. गोव्याची एसटी दुसऱ्या दिवशीची होती. एका खाणावळवाल्या काकूंनी ओटीवरची खोली दिली. तो सगळा दिवस आम्ही वाळूत बसून धपाटी खाल्ली. कुणी हाक मारली नाही, कुणी पाणी मागितलं नाही, कुणाला साखर मोजून द्यायची नव्हती. हे गुडघ्यापर्यंत धोतर घेऊन लाटेत शिरले आणि लाटेनं त्यांना बसवलं तशी मी टाळ्या पिटल्या. मग एकदम विचारतात, “तुला एवढं फिरायची आवड हाय, कधी बोलली न्हाईस ते?” मी म्हटलं, “तुम्ही मीठ-तेलापुढे जाऊ दिलं का?” त्यावर पुन्हा दोघं हसलो. बोलता बोलता दिवस बुडाला, आणि मीठ-तेलाचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी पणजीच्या आधीच ठरवलेल्या लॉजवर पोचलो. दारात शैला, नुसती फुललेली.

“डोकं कसं आहे?”

“बोट सुटली अन् लगेच थांबलं, ताई.”

भाऊजी म्हणाले, “वैनी, देवाशप्पथ, मी तुमाला हाका मारणारच होतो. हिनंच माझं तोंड दाबलं.”

“आणि तो मेला कप्तान! थांबतो म्हणाला होता!”

दोघं एकमेकांकडे बघून फुटली. “वैनी, तो कॅन्टीनवाला होता. थांबला ना बिचारा! चार कप चहा ट्रेमधी घेऊन आमच्या चादरीपाशी उभा. म्हणे, बाईने बोला था, हमारे आने तक हिलना नहीं.”

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “लेकरं नीट सांभाळली न?” चौघांनीही माना हलवल्या. मालवणचं घरी सांगायचं नाही अशी शपथच घेतली होती. पण ह्यांना कुठलं राहवतंय? दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला साखरेबरोबर ही गोष्ट फुकट बांधून दिली. आता जीपवाला भोंगा वाजवून वर ओरडतो, “वैनी, ही जीप हाय बरं, बोट न्हाई! या निवांत!”

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. परवा नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. तीही म्हणे बोटीनंच जाणार, आणि नणंदेचीही तीच अट, सोबत कुणीतरी मोठं हवं. मुलगी धावत माझ्याकडे आली. “मामी, तुमीच चला. दुसरं कुणी नको.”

मला भरून आलं. “एवढा विश्वास आहे गं माझ्यावर?”

“व्हय! प्रभाकरमामा म्हनले, मोठी मामी लई चांगली. मधातच उतरून जाते.”

मी काही बोलणार, तोच आतून ह्यांचा आवाज आला, “कोणत्या बंदराला उतरायचं ते आताच ठरव. अन् धपाटी जरा जास्त घे!”