बुधवारची प्रार्थना बंद होणार नाही

आमच्या चर्चची बुधवारची प्रार्थनासभा बंद करायचं पंचकमिटीने ठरवलं, तेव्हा ती सभा म्हणजे मी एकटीच होते. पाळकांकडे आणखी दोन गावांच्या मंडळ्या होत्या, ते जमेल तेव्हा यायचे. कमिटीचे सेक्रेटरी माझे धाकटे दीर. रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की एका माणसासाठी दिवे-पंखे लावणं बरं दिसत नाही, प्रार्थना काय घरीही होते, तेव्हा चर्चची चावी देऊन टाका. मी म्हटलं, बघते. चावी पर्समध्येच राहिली.

उरणला आमचे लोक आले ते बंदराच्या कामांमागे. बहुतेक घाटावरचे. मी लग्न होऊन आले तेव्हा उपासना कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत, सतरंजीवर बसून व्हायची. कुणाचं पोर तापलं की सगळी खोली गुडघ्यांवर यायची. कुणाला काम नव्हतं, कुणाला घर नव्हतं, आणि आम्ही मागत राहायचो. मग देवाने दिलं. पगार वाढले, फ्लॅट झाले, खाली गाड्या उभ्या राहिल्या, चर्चला गुळगुळीत फरशी आणि एसी आला. आता मागण्यासारखं काही उरलं नाही, असं आम्हाला वाटायला लागलं. रविवारी चर्च भरतं, गाणी सुरात होतात, प्रवचन लांबलं की हळूच मोबाइल निघतात. वाईट कुणी वागत नाही. वाईट वागले असते तर मला सोपं गेलं असतं, काय मागायचं ते तरी कळलं असतं.

मी घरी शाळेचे गणवेश शिवते. बुधवारी संध्याकाळी मशीन झाकून निघाले की नवरा टीव्हीसमोरून म्हणायचा, "माझ्या वतीने पण कर." मी म्हणायचे, तिथे वतीने चालत नाही. तो हसायचा आणि आवाज वाढवायचा.

रिकाम्या चर्चमध्ये मोठ्याने बोलायला सुरुवातीला चमत्कारिक वाटायचं. म्हणून मी माझी एक रीत पाडली. एकेका बाकापाशी जायचं, त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, तिथे बसणारी माणसं डोळ्यांसमोर आणायची आणि नावं घेऊन देवाला सांगायचं, यांना झोपू देऊ नकोस.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. दाराजवळच्या शेवटच्या बाकापाशी आले. तिथे एक ट्रेलर चालवणारा आणि त्याची बायको बसायची. मी नावं घेतली आणि पुढे शब्दच येईना. या दोघांना आपण शेवटचं कधी पाहिलं? आठवेना. पावसाळ्याच्या आधी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पत्ता विचारत विचारत गेले. मिठागरांच्या पलीकडे, कंटेनर यार्डच्या भिंतीला लागून एक चाळ आहे, तिथे ती दोघं राहत होती. बाईने दार उघडलं, माझ्याकडे बघत राहिली आणि आमच्या मंडळीच्या रीतीने म्हणाली, "सलाम. तुम्ही कशा आलात?"

आत खाटेवर नवरा पडला होता. पहिल्याच पावसात ट्रेलरवरून पाय घसरून पडला, कंबरेचं हाड मोडलं. तेव्हापासून तो पडूनच होता. ती सकाळ-संध्याकाळ एका खानावळीत पोळ्या लाटायला जायची. मी विचारलं, कुणाला कळवलं का नाही? ती म्हणाली की पाळकांना फोन केला होता, लागला नाही. एका बाईला बाजारात सांगितलं होतं, ती म्हणाली प्रार्थनेत ठेवते.

मग पदराने हात पुसत ती म्हणाली, "पहिले काही रविवार वाटायचं, आज उपासना सुटली की कुणीतरी येईल. मी जास्तीचं दूध घेऊन ठेवायचे. मग वाटायचं बंद झालं."

मी विचारलं, प्रार्थना करू का?

"नको," ती म्हणाली. "आज नको. नुसत्या बसा."

मी बसले. बाहेरून ट्रेलर जायचा तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. तिने चहा केला, मी प्यायले, तिच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याची खुशाली विचारली. एवढी वर्षं मी प्रार्थना करते, पण त्या दिवशी नुसतं बसणं मला जितकं जड गेलं तितकी कुठलीच प्रार्थना गेली नव्हती. घरी येताना मला रडू आलं नाही. राग आला.

त्या रविवारी दिरांनी सूचना वाचल्या. नवीन स्पीकर येणार, नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू होणार, आणि प्रतिसादाअभावी बुधवारची प्रार्थना तूर्त बंद. मी उभी राहिले. बायका सूचनांच्या वेळी उभ्या राहत नाहीत आमच्याकडे. दीर माइकवरून म्हणाले, वहिनी, नंतर बोलू. मी म्हटलं, नाही, आत्ताच.

"आपल्यातलं एक घर अख्खा पावसाळा अंथरुणाला खिळलंय, आणि आपल्याला पत्ता नाही. बुधवार बंद केलात तर तो कधीच लागणार नाही."

पुढून कुणीतरी विचारलं, कोण ते नाव सांगा. मी म्हटलं, सांगणार नाही. मागे वळून बघा.

एकेक मान वळली. शेवटचं बाक रिकामं होतं. तिथे कोण बसायचं, हे बराच वेळ कुणालाच सांगता आलं नाही. पाळकांनी डोळे मिटून घेतले.

बाहेर आवारात दिरांनी मला गाठलं. चारचौघांत घरच्या माणसाला खाली बघायला लावलंत, म्हणाले. आणि मग, "आम्ही काय अविश्वासी आहोत? झोपलोय का आम्ही?"

मी म्हटलं, "भाऊजी, क्रुसावर जायच्या आदल्या रात्री मळ्यात प्रभू एकटा प्रार्थना करत होता, तेव्हा झोपले ते परके नव्हते. त्याचेच शिष्य होते. पोटभर जेवून, गीत गाऊन आलेले."

त्यांनी हात पुढे केला आणि चावी मागितली. मी म्हटलं, कमिटीला चावी हवी असेल तर सगळ्या कमिटीने बुधवारी संध्याकाळी यावं, मी तिथेच असते.

कमिटी आली नाही. पण पाळक आले, मागच्या बाकावर बसले आणि जाताना त्या घरचा पत्ता घेऊन गेले. पुढे काही बायका डबे घेऊन जायला लागल्या, मंडळीतल्या एकाने तिच्या नवऱ्याला पनवेलच्या डॉक्टरकडे नेलं. आता तो काठी घेऊन चालतो. ती बाई अजून रविवारी येत नाही. एखाद्या बुधवारी येते, शेवटच्या बाकावर बसते, तोंडाने काही बोलत नाही. मी तिला बोल म्हणत नाही. आम्ही आता चार-पाच जणी असतो, कधी दोघीच. बाकीची मंडळी आहे तशीच आहे, नाताळला उभं राहायला जागा नसते. सगळे जागे झाले असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल.

मागच्या महिन्यात दीर घरी आले. चहा समोर ठेवला तरी हात लावेनात. शेवटी म्हणाले, "वहिनी, तुम्ही दर बुधवारी माझं नाव घेता असं ऐकलं. ते बंद करा."

"का?"

"बरं वाटत नाही मला. कामावर असलो तरी डोक्यात तेच येतं, की आज बुधवार."

"मग तर मुळीच बंद करणार नाही," मी म्हटलं.

ते चहा न पिताच उठले. त्यांचं घर चर्चच्या अगदी मागे आहे. त्या बुधवारी मी एसी लावला नाही. मागच्या खिडक्या सताड उघडल्या आणि सगळ्यांत आधी त्यांचं नाव घेतलं, खणखणीत आवाजात.