बाबांना बसवलं त्याची हकीकत

तुमच्या घरी पोटभर जेवून गेलेल्या माणसाने तुमच्याविरुद्ध दिलेलं मत, त्याच्या नावासकट, तुम्ही कधी पाहिलंय?

मी पाहिलंय. गेल्या वर्षी इथे परदेशात आमच्या मराठी मंडळाने अध्यक्षपदासाठी अमेरिकेसारखी आधी प्राथमिक फेरी घेतली, व्हॉट्सॲपच्या पोलवर. तिघे उभे होते, त्यांतले एक माझे बाबा. त्यांची मागणी एकच: एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, आलेल्यांनाही मंडळात मत हवं. वर्गणी घेता, गणपतीत भांडी घासायला लावता, मग मत का नाही? पत्रक मी लिहिलं. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकंच आली होती.

पहिल्या दिवशी ग्रुपमधल्या सगळ्यांनीच मत दिलं, पासवाल्यांनीही; बाबा पुढे. मग कुणीतरी लिहिलं, "पासवाल्यांची मतं काढा. उद्या पास संपला की हे पुण्यात, आणि यांनी निवडलेला अध्यक्ष आमच्या गळ्यात!" खाली हसरे चेहरे. पोल नव्याने टाकला, फक्त पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, आणि नागरिकांसाठी. बाबा दुसरे. तिघांतले बँकवाले काका आघाडीवर दिसताच लोक आपली मतं उचलून तिकडे ठेवू लागले. आमच्याकडे जेवलेले सगळ्यांत आधी. बाबा तिसरे. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं, त्या पासवाल्यांनी चकार शब्द काढला नाही.

रविवारी कॉन्डोच्या, म्हणजे आमच्या सोसायटीच्या, हॉलमध्ये सभा होती. बँकवाले काका बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, उभे राहिलात, कौतुक आहे. आता बसा. पडायची हौस कशाला?"

"अरे, बसवा त्यांना कुणीतरी," मागून एक काकू म्हणाल्या.

माझी धाकटी बहीण इथल्या शाळेतली. निवडणुकीत बसणं म्हणजे माघार घेणं, हे तिला कुठून कळणार? बाबांचे पाय दुखतायत असं समजून तिने प्लॅस्टिकची खुर्ची ओढत आणली. "बाबा, सिट लाह," ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, बसा ना.

हॉलभर हशा. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, घरचाही पाठिंबा गेला!"

मला वाटलं, आता बाबा बोलतील. ते खुर्चीकडे पाहत राहिले आणि बसले. टाळ्या वाजल्या. काकांनी मताचा मुद्दा तिथेच निकालात काढला: "मांडणारेच बसले, आता काय!" पासवाले ताटं मांडायला उठले.

बाबांना मी अजून माफ केलेलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांना करणारही नाही.

तुमच्या मंडळाची पुढची सभा येईल, तेव्हा पासवाल्यांच्या मताचा ठराव तुम्ही मांडा. मोठ्याने मांडा, आणि तो मताला टाकायला लावा.