खालचं वाचता आलं पाहिजे

प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलगी नोंदवहीतला चुकलेला आकडा व्हाइटनरने झाकत होती. मॅडमनी तिचा हात हलकेच धरला. "झाकायचं नाही गं. वर एकच रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे."

"पण चुकलंय ना, मॅडम?"

"आज चुकलंय. उद्या कदाचित तेच बरोबर निघेल."

स्वतःच्या आजच्या खात्रीवर थोडा अविश्वास ठेवायचा, एवढंच त्या रेघेत असतं. तिथं नोकरीला लागल्यापासून मी ही शिस्त पाळत आलोय. घरच्या जुन्या डायरीत मात्र, भांडणानंतर, एका मित्राचं नाव नंबरासकट मी इतकं गिरगटलं की कागद फाटला. काल त्याला फोन करावासा वाटला. ते पान उजेडात धरलं. भोकातून फक्त खिडकी दिसली.