ब्रायनला झोपेतून उठवताना

मी नागपूर सोडलं तेव्हा मैत्री झोपली होती. दुपारची जेवणं झाली होती, कूलर घरघरत होता, आणि सकाळपासून माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून फिरणारी माझी सहा वर्षांची मुलगी शेवटी थकून माझ्या आईच्या पलंगावर आडवी झाली होती. तिची मूठ सैल पडली तशी मी ओढणी हळूच सोडवून घेतली. बाहेर टॅक्सी उभी होती. नितीन, माझा नवरा, डिकीत बॅगा ठेवत होता. मी मैत्रीची पापी घ्यायला वाकले, तर आईने माझा दंड धरला.

"उठवू नको. घर डोक्यावर घेईल. उठली की मी पाहून घेतो तिचं."

आमच्याकडे बायाही 'घेतो' म्हणतात. मँचेस्टरला आल्यावर पुण्याच्या मैत्रिणींनी मला हसून हसून ती सवय सोडायला लावली, पण आई आठवते ती त्याच बोलीत. बाबा फाटकाशी उभे होते. रडण्याबिडण्यातले ते नव्हेत. एवढंच म्हणाले, "नव्या गावात आधी शेजारी ओळखून घेजो. मंग काही वाटत नाही."

हे मी नागपूरच्या माझ्या माणसांसाठी लिहिते आहे. आणि माझ्यासारख्या त्या सगळ्यांसाठीही, ज्यांनी आधी एकट्याने येऊन भाड्याची खोली घेतली आणि घरचे मागून येतील म्हणून वाट पाहिली. तुम्ही फोनवर नेहमी विचारता, पोरगी रुळली का? रुळली. पण त्या गोष्टीत एक कुत्रा आहे, आणि फोनवर ती नीट सांगून होत नाही.

मी नर्स आहे. इथल्या हॉस्पिटलमध्ये लागले तेव्हा ठरलं होतं की आधी मी जायचं, बस्तान बसवायचं, मग नितीन आणि मैत्री येतील. मला वाटलं होतं सहा महिने. दीड वर्ष लागलं. तोवर मैत्री स्क्रीनवर भेटायची. सुरुवातीला तासभर बोलायची, मग पाच मिनिटं, मग आईच तिला धरून कॅमेऱ्यासमोर आणायची. शेवटी विमानतळावर भेटली तेव्हा ती नितीनच्या मागे लपली होती. मी हात पसरले. तिने मान खाली घालून विचारलं, "तुम्ही गाडी आणली का?"

तुम्ही. माझ्या पोटच्या पोरीने मला 'तुम्ही' म्हटलं. आमच्यात आईला कोणी तुम्ही म्हणत नाही, शेजारच्या बाईंना म्हणतात. मी हसून म्हटलं, "नाही ग, ट्रामने जाऊ." ट्राममध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.

घरात ती शहाण्यासारखी वागायची, तेच मला बोचायचं. हट्ट नाही, भांडण नाही. शाळेत तर तोंडच उघडत नव्हती. पेरेंट्स इव्हनिंगला टीचर म्हणाल्या, गोड मुलगी आहे, फक्त फार शांत आहे. नागपुरात हिच्या बडबडीने आईचं डोकं उठायचं, हे त्यांना कोणत्या इंग्लिशमध्ये सांगणार?

आमच्या शेजारी जीन नावाच्या बाई राहतात. सत्तरीच्या, एकट्या, दर वाक्याच्या शेवटी, आपण 'बाई' म्हणतो तसं, 'लव्ह' लावणाऱ्या. त्यांच्याकडे पर्ल नावाची म्हातारी ग्रेहाउंड कुत्री होती. लांब पाय, बारीक कंबर, पांढरं पडलेलं तोंड. शाळेतून आली की मैत्री मागच्या अंगणातल्या भिंतीवरून हात खाली सोडून उभी राहायची आणि पर्ल त्या हाताखाली डोकं आणून ठेवायची. दोघी काही बोलायच्या नाहीत. एकदा जीन मला म्हणाल्या की शर्यतीतून निवृत्त झालेली अशी कितीतरी कुत्री घराची वाट बघत असतात, लव्ह.

आता मी खरं सांगू? मला कुत्र्यांची भयंकर भीती. नागपुरात ड्यूटीवरून स्कूटीने परतताना गल्लीतली कुत्री मागे लागायची आणि मी दोन्ही पाय वर घेऊन गाडी हाणायची. पण मैत्रीने त्या वर्षात मला एकच गोष्ट मागितली होती, असं एक कुत्रं, तीही नितीनमार्फत. घरमालकाला विचारलं, तो हो म्हणाला. अशा कुत्र्यांना घरं शोधून देणारी एक संस्था आहे, तिथली एक बाई येऊन मागचं कुंपण किती उंच आहे ते पाहून गेली. मग एका शनिवारी आम्ही शहराबाहेरच्या त्यांच्या केनेलमध्ये, कुत्री ठेवतात त्या जागी, गेलो.

बाकीची कुत्री जाळीशी येऊन उड्या मारत होती. एक मात्र मागेच उभा होता. अंगावर वाघासारखे पुसट पट्टे, मागच्या पायावर जुन्या दुखापतीची गाठ. त्या दुखापतीमुळेच त्याचं पळणं सुटलं होतं. त्याला बाहेर आणलं तेव्हा तो आमच्या कुणाकडे न बघता सरळ मैत्रीजवळ गेला आणि तिच्या कमरेवर सगळा भार टाकून रेलला. मैत्री डगमगली, पण हलली नाही. "हाच," ती म्हणाली.

त्याचं नाव ब्रायन होतं. शर्यतीतलं नाव वेगळं, लांबलचक, पण केनेलमध्ये सगळे ब्रायन म्हणायचे. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले,

"ब्रायन? साहेबाचं नाव कुत्र्याला? काहून?"

"मी नाही ठेवलं बाबा, आधीपासूनच आहे."

"मंग राहू दे. मोठ्या माणसाचं नाव बदलवत नसतात."

ब्रायन जन्मात कधी घरात राहिला नव्हता. केनेल, गाडी आणि ट्रॅक, एवढंच त्याला माहीत. जिना काय असतो ते त्याला कळेना. पुढचे दोन पाय पायरीवर ठेवून तो आमच्याकडे बघत राहायचा, मग नितीन मागे बसून त्याचा एकेक पाय उचलून वर ठेवायचा. अंगणाच्या काचेच्या दारावर तो दोनदा नाक आपटून आला. वॉशिंग मशीन फिरायला लागलं की थरथरायचा. सोफा मात्र त्याला आठवड्याभरात उमगला, आणि मग आम्हाला बसायला जागा उरली नाही. चारी पाय वर करून, मान लोंबती सोडून तो असा झोपायचा की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्याची नाडी तपासली.

लोकांना वाटतं ग्रेहाउंड म्हणजे सारखा पळणारा. आमचा ब्रायन रस्त्यात मधेच थांबायचा. का, ते त्यालाच ठाऊक. एकदा थांबला की पुतळा. ओढून उपयोग नाही, खाऊ दाखवून उपयोग नाही. भुरभुर पावसात पट्टा धरून मी उभी, आणि येणारे-जाणारे थांबून विचारताहेत, "दमला का बिचारा?" अशाने मला पोस्टमन कळला, कोपऱ्यावरचे दुकानदार इक्बालभाई कळले, समोरची पोलिश बाई कळली, जिचा नवराही बसच चालवतो. नितीन तेव्हा नुकताच बस चालवायला लागला होता. बाबांनी सांगितलेलं काम मला इतके दिवस जमलं नव्हतं. ब्रायनने ते नुसतं उभं राहून करून टाकलं.

आणि मैत्री बोलायला लागली. आमच्याशी नाही, त्याच्याशी. मराठीत. "ये ना बापा, काय करून राहिला तिथं?" असं अस्सल नागपुरी तिचं आतल्या खोलीतून ऐकू आलं, की मी हातातली पोळी तव्यावर तशीच सोडून ऐकत उभी राहायची. नितीनने विचारलं, त्याच्याशी इंग्लिशमध्ये का बोलत नाहीस? तर म्हणाली, "इंग्लिशमध्ये त्याला नुसत्या ऑर्डरीच दिल्या आहेत सगळ्यांनी."

सगळं असं छान चाललं असताना एका रविवारी दुपारी ब्रायन तिला चावला.

मी स्वयंपाकघरात होते. आधी एक भलतीच गुरगुर ऐकू आली, मग मैत्रीची किंकाळी. तो गाढ झोपला होता आणि तिने लाडाने त्याच्या मानेला मिठी मारून तोंडाला तोंड लावलं होतं. दचकून उठताना त्याने दात मारला. डोळ्याच्या खाली, गालावर. जखम खोल नव्हती, पण गालाचं रक्त फार दिसतं. मी रोज जखमा बघणारी बाई, पण हाताला लागला तो पोळ्यांचा फडकाच गालावर दाबून धरला. ब्रायन कोपऱ्यात जाऊन भिंतीला चिकटला होता आणि शेपूट पोटात घालून लघवी करत होता.

डॉक्टरकडे जाऊन आलो. दोन टाके पडले. घरी येताच नितीन म्हणाला, "उद्याच्या उद्या परत. डोळा गेला असता." मी तेच ठरवलं होतं. केनेलला फोन लावला. तिथली बाई शांतपणे म्हणाली, कधीही आणा, आम्ही दोष देणार नाही. मग तिने समजावलं. ही कुत्री जन्मभर एकटी, बंद जागेत झोपतात. झोपेत कुणी अंगाला हात लावलेला नसतो. तो चिडला नाही, घाबरला. ठेवणार असाल तर त्याच्या अंथरुणात कुणी जायचं नाही, आणि उठवायचं तर लांबून नावाने हाक मारायची, त्याने डोळे उघडून बघेपर्यंत थांबायचं. मी म्हटलं, धन्यवाद, आम्ही उद्या घेऊन येतो.

मागे वळले तर मैत्री जिन्यावर बसली होती. गालावर पट्टी.

"तू त्याला परत पाठवून राहिली?"

तू. दोन वर्षांत पहिल्यांदा. पण ते ऐकायला मला वेळच मिळाला नाही, कारण ती ओरडत होती. "तो घाबरला होता! झोपला होता तो! झोपेत काही कळत नाही! मला माहीत आहे, मी उठली तेव्हा तू नव्हती! आजी म्हणे येईल, येईल. तू आलीच नाही! मी पण आजीला चावली होती!"

आईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. नितीन दारात उभा होता. मग मैत्री हुंदके देत एकेक पायरी उतरली आणि माझ्या मांडीत डोकं खुपसून रडली. सहा वर्षांची असताना रडायची तशी, घर डोक्यावर घेऊन. मी तिला गप्प केलं नाही. मलाही तेवढंच रडायचं होतं.

रडून झाल्यावर तीच उठली. ब्रायनपासून चांगली लांब, जमिनीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ब्रायन. मी आहे." त्याने मान वर केली. शेपटीचं टोक जमिनीवर एकदा आपटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही केनेलला गेलो नाही. ब्रायनचं अंथरूण कोपऱ्यात गेलं, भोवती कुणी जायचं नाही असा नियम झाला, आणि घरात आम्ही सगळे त्याला हाक मारून मगच जवळ जायला लागलो. पुढे कधी तसं झालं नाही. मैत्रीच्या गालावर बारीक पांढरी रेघ राहिली. शाळेत कुणी विचारलं की ती ब्रायनची सगळी हकिगत सांगते, आणि सांगता सांगता तिला मैत्रिणीही झाल्या.

एक बदल मी केला, तो कुणाला सांगितला नाही. माझी सकाळची शिफ्ट असली की पूर्वी मी पाय न वाजवता निघून जायची, पोरीची झोप मोडू नये म्हणून. आता मैत्रीच्या दारात उभी राहून हाक मारते, ती डोळे उघडून बघेपर्यंत थांबते, आणि सांगते, "मी निघाले ग. दुपारी येते." ती "हं" म्हणून कूस बदलते. बस, एवढंच. पण ते 'हं' घेतल्याशिवाय आता माझा पाय घराबाहेर पडत नाही.

तिचं मराठी मात्र बिघडत चाललं आहे, ते कबूल. "ब्रायन माझ्यावर रुसली," म्हणते. आई फोनवर हसते, बाबा दुरुस्त करतात. आणि ज्या बाबांना कुत्रं सोफ्यावर बसतं याचा धक्का बसला होता, ते आता फोन उचलल्या उचलल्या विचारतात, "ब्रायन जेवला का?" आम्ही जेवलो का ते मागून.

मागच्या महिन्यात आम्ही ब्रायनला पहिल्यांदा मोकळं सोडलं. या कुत्र्यांना रस्त्यावर किंवा पार्कात सोडता येत नाही. खार दिसली की सुटतात आणि हरवतात. पण शहराबाहेर एका शेतकऱ्याने उंच कुंपण घातलेलं मैदान ठेवलं आहे, ते तासावर मिळतं. नितीनला धास्ती होती, इतक्या दिवसांनी पाय साथ देईल का. मैत्रीने व्हिडिओ कॉल लावून आजी-आजोबांना मोबाइलमध्ये उभं केलं आणि पट्टा सोडला.

ब्रायन नेहमीसारखा पुतळा होऊन उभा राहिला. वारा हुंगला. आणि मग गेला. घरात जिना चढताना धडपडणारा प्राणी तो हाच, यावर माझा विश्वास बसेना. पाय जमिनीला लागतच नव्हते, ओल्या मातीची ढेकळं मागे उडत होती. पुढे काही नव्हतं, बाजूला कुणी नव्हतं, तो नुसता स्वतःच्या मर्जीने पळत होता. फोनमधून बाबा ओरडले, "अरे बापा! अरे बापा!" नितीन टाळ्या वाजवत होता. मैदानाला एक मोठा फेरा मारून ब्रायन वळला, वेग कमी करत आला, आणि चिखलाने माखलेलं सगळं अंग घेऊन मैत्रीवर रेलला. ती आता अकरा वर्षांची आहे, डगमगत नाही.

पाऊस वाढला तसे आम्ही गाडीकडे निघालो. फोन अजून चालू होता. आईने विचारलं, दर वेळी फोन ठेवताना ती विचारतेच, "मंग, घरी कधी येता?"

मी उत्तर जुळवत होते. सुट्टी, तिकीट, दिवाळी की उन्हाळा. तेवढ्यात मैत्री बोलून गेली, "आत्ता निघालोच, आजी. अर्ध्या तासात पोचू. आधी ब्रायनला पुसायचं आहे."

नितीनने माझ्याकडे पाहिलं. मी मैत्रीला दुरुस्त केलं नाही. पलीकडे आईला कळलं, पोरीचं घर आता कुठलं ते. मग ती हसली, मनापासून हसली, आणि म्हणाली, "हाव बाई, जा. लवकर जा घरी. ओला आहे तो."