पहिली मूठ

आमच्या घरात धान्याची कणगी कधी नव्हतीच. जत तालुक्यातलं कोरडं रान. पाऊस झाला तर ज्वारी, नाही तर टँकरची वाट. मी लहान असतानाच आई वारली, वडील कामासाठी मुंबईला गेले ते तिकडचेच झाले. मला वाढवलं मार्थाआत्यानं, वडिलांच्या विधवा बहिणीनं. गेल्या महिन्यात सांगलीच्या शाळेत मी वर्गावर असताना गावातल्या शेजारणीचा, मल्लव्वाचा फोन आला. "पोरी, आत्या उठंना गं..." एवढंच बोलली ती. पुढचं मला कळलं.

आम्ही ख्रिस्ती. गावात आमच्या मंडळीची चार घरं नि एक छोटं देऊळ; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. तिथल्या बायकांची एक रीत होती. दळण काढलं की पहिली मूठ देवाची. ती पत्र्याच्या डब्यात जायची, डबा भरला की देवळात, आणि तिथून ज्याची चूल पेटत नसेल त्याच्या घरी.

मी बारावी झाले त्या वर्षी पाऊस आलाच नाही. सांगलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात जागाही होती. पण घरात दाणा नसताना आत्याला एकटीला टाकून जायचं कसं? मी मजुरीला जायचं ठरवलं. आणि ही बाई उरलंसुरलं दळण काढतानाही पहिली मूठ बाजूला ठेवतेय! मी तडकलेच.

"आत्या, देवाला भूक लागलीया व्हय?"

"देवाला न्हाई गं. कुणाला तरी लागली आसंल."

"आपल्याला लागलीया की!"

"मग कुणीतरी आपल्यासाठी काढत आसंल."

"आन् पाऊस? त्यो पाडणार हाय का तुझा देव?"

सूप झाडत ती म्हणाली, "त्ये मला काय ठावं? त्यो हाय, एवढं ठावं हाय."

मग एका रविवारी उपासनेनंतर आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, दारात आले. सायकलीवर पोतं. आसपासच्या गावांतूनही जमलेली मूठ मंडळीनं या खेपेला आमच्या घराला द्यायची ठरवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आम्हाला नको," मी म्हटलं.

आत्या हसली. "आवं पाळकसाहेब, आणा आत. ही कॉलेजात जाणार हाय, म्हणून येवडा तोरा." मग माझ्याकडं वळली. "आपली बी मूठ हाय की त्यात. वळकून दाव बघू, कंची ती."

पांढरी ज्वारी, पिवळसर ज्वारी, मधेच बाजरी... काही ओळखू येईना. आत्यानं पोत्यात हात घातला, पहिली मूठ काढली आणि सरळ आपल्या डब्यात टाकली. पाळकसाहेब बघतच राहिले.

"माझ्या पोटाची काळजी मिटली," ती म्हणाली. "तू बॅग भर."

पाऊस त्या वर्षी शेवटपर्यंत पडला नाही. मी मात्र गेले.

पुढं मंडळीतली घरं एकेक करून मिरजेला, पुण्याला उठून गेली. मी सांगलीला बोलवायचे, पण आत्या येईना. "देवळाला कुलूप लागंल," म्हणायची. पाळक कधीमधी येत. एरवी रविवारी ती एकटीच दार उघडायची, झाडायची, गीत म्हणायची. एकदा सुट्टीत गेले तर चटईवर भिंतीला टेकून बसलेली.

"आत्या, खुर्च्या रिकाम्या हायत, बस की वर."

"त्या पुरुषांच्या बाजूला हायत."

दोघी हसलो. मग गीत म्हटलं, तर त्या रिकाम्या देवळात आमचाच आवाज आम्हाला लय मोठा वाटला...

तिला माती दिल्यावर घर आवरलं. डबा फळीवर होता, अर्धा भरलेला. मंडळीत दुसरं कुणी उरलं नव्हतं तरी बाई मूठ काढत होती. ते दाणे मी मल्लव्वाच्या पदरात घातले आणि डबा सांगलीला आणला. इथं मी एकटीच. एका माणसाचं दळण ते केवढं! तरी पहिली मूठ डब्यात टाकते. आत्यासारखा भरवसा मला अजून जमलेला नाही. तिचा हात मात्र आठवतो.

त्या दुष्काळात पाळकसाहेबांनी आणलेलं ते पोतं आत्याला पुढच्या सुगीपर्यंत पुरलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी झाले.